हौसेचे पंधरा मिलिमीटर

"मामा, मागं पंधरा टाकू की अठरा?"

श्टुटगार्टहून भाच्याचा फोन आला तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. जेवलात का, गुडघा कसा आहे, काही नाही. मी झोपेतच विचारलं, "काय, गोळ्या?" तो म्हणाला, "मिलिमीटर हो!" गेल्या वर्षी त्यानं एक जुनी पोर्शे घेतली. ९११, त्यातली ९९७ ही पिढी, २००६ची कॅरेरा एस. इंजिन मागच्या आसाच्याही मागे, ताकद फक्त मागच्या चाकांना. आता त्याला मागच्या चाकांच्या आत अॅल्युमिनियमच्या चकत्या बसवायच्या होत्या. आपल्या गॅरेजांत त्यांना स्पेसर म्हणतात, जर्मन माणूस श्पूरप्लाटेन म्हणतो. हब आणि चाक यांच्यामध्ये चकती गेली की चाक तेवढं बाहेर येतं, मडगार्डच्या काठाशी भिडतं, आणि मागून पाहिलं की पैलवानानं शड्डू ठोकून मांड घट्ट केल्यासारखी गाडी दिसते.

माझी सगळी नोकरी गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये गेली, म्हणून हा प्रश्न माझ्या उशाशी आला. मी त्याला उलट एकच विचारलं, "कशासाठी टाकतोस?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "हँडलिंगसाठी."

त्या थांबण्यावर मी नंतर बराच वेळ विचार करत पडलो होतो. पोरगा खोटं बोलणारा नाही. पण गाडी छान दिसावी म्हणून दोनशे युरो घालवतोय, हे मामाला सांगताना त्याला लाज वाटली आणि त्यानं इंजिनिअरिंगचा शर्ट अंगावर चढवला. माझं म्हणणं असं आहे की स्पेसर निवडण्यातल्या बहुतेक चुका या शर्टामुळे होतात. जो माणूस दिसण्यासाठी चकती घेतो आणि तसं कबूल करतो, तो बरोबर जाडी निवडतो. जो हँडलिंगचं नाव घेतो तो दहावरून पंधरावर, पंधरावरून अठरावर जातो, कारण त्याच्या हिशेबात जास्त म्हणजे जास्त चांगलं. हँडलिंगला शेवट नसतो. दिसण्याला असतो, आणि तो मडगार्डच्या काठाशी असतो.

मराठीत या गोष्टीसाठी शब्द आहे, हौस. आजी नथ घालायची तेव्हा श्वास सुधारतो म्हणून घालते असं सांगत नव्हती. हौसेला मोल नाही म्हणतात, त्यात हेही आलं की हौसेला सबब लागत नाही. आमच्या पिढीनं मात्र पोरांना इतकं इंजिनिअर केलं की हौसही त्यांना आलेख काढून सिद्ध करावीशी वाटते.

आता त्याच्या बाजूचं बोलतो, कारण त्याची बाजू लंगडी नाही. कारखान्यानं चाक जिथे ठेवलं ती जागा वेदवाक्य नव्हे. ती तडजोड असते. नॉर्वेतला गिऱ्हाईक हिवाळ्यात टायरला साखळ्या बांधणार, त्यांना जागा हवी. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीला काही मिलिमीटर इकडेतिकडे असतात, त्यातला सर्वांत गलेलठ्ठ टायरही मडगार्डला घासता कामा नये. युरोपातला नियम सांगतो की चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर अंगाखाली झाकलेला हवा. म्हणून कारखाना चाक थोडं आत ठेवतो. ज्याला साखळ्या लावायच्या नाहीत, ज्याचे टायर ठरलेले आहेत, त्यानं ती शिल्लक जागा का वापरू नये? प्रश्न रास्त आहे.

शिवाय खुद्द पोर्शेनंच या मॉडेलांसाठी ५ मिलिमीटरच्या चकत्या लांब बोल्टांसह विकल्या आहेत. त्याआधी, १९९०च्या दशकात, ९९३ पिढीची जी कॅरेरा एस निघाली तिला टर्बोचं रुंद अंग दिलं आणि इंजिन साधंच ठेवलं. आणि ते रुंद अंग भरावं म्हणून मागं तीसेक मिलिमीटरच्या चकत्या कारखान्यातच घातल्या. ती गाडी म्हणजे सरळसरळ हौस होती. विकत घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, कुणी कुणाला फसवलं नाही. ९११चं मागचं अंग भरलेलं दिसावं ही ओढ खूप जुनी आहे. १९७३ सालची कॅरेरा आरएस २.७ आठवा. तिच्या मागच्या चाकांची रिम पुढच्यांपेक्षा एक इंच रुंद होती आणि त्यासाठी मागचे मडगार्ड फुगवले होते. पण तिथे क्रम महत्त्वाचा आहे. शर्यतीसाठी रुंद टायर हवा होता, म्हणून रुंद रिम आली, रिम मावावी म्हणून पत्रा फुगला. डोळ्यांना सवय झाली ती शेवटी. आज आपण उलटीकडून निघतो. डोळ्यांना जे आवडतं तिथून सुरुवात करतो आणि टायर तोच ठेवून चाक बाहेर सारतो. पोट न वाढता शर्टाची बटणं सोडून हिंडावं, तसं.

भाच्याचा मुख्य मुद्दा मात्र आकड्यांचा होता, आणि तो त्यानं वकिलासारखा मांडला. चाकाची बैठक, म्हणजे हबला टेकणारी बाजू, चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे त्या मापाला ईटी म्हणतात. ईटी जास्त, तर चाक आत. त्याच्या कॅरेरा एसची मागची रिम ११ इंच रुंद, १९ इंच व्यासाची, ईटी ६७. त्याच पिढीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या कॅरेरा ४ एसची मागची रिमही ११ बाय १९ची, पण ईटी ५१. "म्हणजे मामा, सोळाचा फरक कारखान्यानंच केलाय. मी पंधरा टाकले तर ईटी बावन्न. त्यांच्यापेक्षा एक कमीच!"

हे ऐकून मीही क्षणभर गप्प झालो. मग कागद घेतला. ४ एसचं मागचं अंग ४४ मिलिमीटर जास्त रुंद आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला २२. तिचं चाक ईटीमुळे १६ बाहेर आलं. तिचा मागचा टायर ३०५चा, भाच्याच्या गाडीचा २९५चा. हे १० दोन्ही बाजूंना वाटले की ५. सोळा आणि पाच, एकवीस. पत्रा २२ बाहेर गेला आणि टायर २१. फट होती तशीच राहिली, उलट केसभर वाढली.

मला हा हिशेब फार आवडला, अजून आवडतो. दोन वेगळ्या अंगांच्या गाड्या, दोन वेगळे टायर, आणि फट तीच. याचा अर्थ ती फट चुकून राहिलेली नाही, कुणीतरी नेमून दिलेली आहे. भाच्याचा पुरावा त्याच्यावरच उलटला. कारखान्यानं चाक सोळानं बाहेर काढलं हे खरं, पण आधी त्याला घर बांधून दिलं.

"बरं, फट राहू दे," तो म्हणाला, "पण रुंद पाया म्हणजे वळणावर जास्त पकड, हे तर खरं?"

खरं आहे. पण किती? वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. जितकं कमी सरकेल तितकी दोन्ही टायरांची मिळून पकड जास्त, कारण लादलेल्या टायरला जेवढी पकड नव्यानं मिळते त्याहून अधिक हलक्या झालेल्या टायरची जाते. सरकणारं वजन काढायचं सूत्र शाळकरी आहे: आडवा जोर गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन चाकांमधलं अंतर. चालक धरून गाडी दीड टनाची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर मानू, आणि वळण इतकं कडक की आडवा जोर गाडीच्या वजनाएवढा. कॅरेरा एसच्या मागच्या चाकांमधलं अंतर १५१६ मिलिमीटर. सरकतात साधारण ४९५ किलो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा टाकून अंतर १५४६ केलं की ४८५. दहा किलो. तेही पुढं आणि मागं दोन्हीकडे तेवढीच रुंदी वाढवली असती तर. फक्त मागं वाढवली तर त्याहून कमी. आणि हा हिशेब टायर सुटायच्या बेताला असतानाचा आहे, रोजच्या रस्त्यावर त्याचा पाव हिस्साही हाती लागत नाही. टायरमधली हवा दोन-तीन पौंडांनी इकडेतिकडे झाली तर चालवणाऱ्याला याहून अधिक फरक कळतो, हा माझा अनुभव. हवा फुकट मिळते.

आणि जी थोडी पकड वाढते ती कुठे वाढते तेही पाहा. मागं. या गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागंच आहे, मागचे टायर पुढच्यांपेक्षा कितीतरी रुंद आहेत. मागची पकड आणखी वाढवली की पुढचं टोक वळायला कुरकुर करतं. धोका काही नाही, पण ज्याला हँडलिंग हवं होतं त्यानं हातानं गाडी थोडी मठ्ठ केली.

इथवर सगळं किरकोळ होतं. यापुढचं मात्र मला किरकोळ वाटत नाही.

मागची चाकं पक्की धरलेली असतात असं आपल्याला वाटतं, कारण त्यांना स्टिअरिंग नसतं. प्रत्यक्षात ती रबराच्या बुशांमधून टांगलेली असतात आणि रबर दबतं. ब्रेक दाबला किंवा अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला की रस्ता टायरला मागे ओढतो. ही ओढ जिथे लागते तो टायरचा तळ, आणि चाक ज्या काल्पनिक खिळ्याभोवती फिरू पाहतं तो खिळा, यांच्यातलं अंतर म्हणजे पहार. खिळा आतल्या बाजूला असेल तर मागे ओढलेलं चाक पुढच्या कडेनं बाहेर वळतं. गाडी फेंगडी होते. पुढची चाकं फेंगडी झाली तर फार बिघडत नाही. मागची झाली, आणि तीही वळणाच्या मध्यावर, तर गाडीची शेपटी पुढे यायला बघते. जुन्या ९११ची बदनामी याचीच होती. वळणावर घाबरून पाय उचलला की गाडी गर्रकन फिरायची. मागं टांगलेलं इंजिन दोषी होतंच, पण दबणारी बुशं त्याला सामील होती.

श्टुटगार्टजवळ वायझाख नावाचं खेडं आहे, तिथे पोर्शेचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या इंजिनिअरांनी यावर डोकं घातलं आणि १९७७ साली आलेल्या ९२८ या गाडीला एक नवा मागचा आस दिला, त्याला गावाचंच नाव पडलं. त्याची करामत अशी होती की दांड्यांची मांडणी करून तो काल्पनिक खिळाच त्यांनी टायरच्या बाहेर नेऊन ठेवला. मग पाय उचलला, चाक मागे ओढलं गेलं, की ते पुढच्या कडेनं आत वळायचं. ज्या जोरानं गाडी बिघडायची त्याच जोराला त्यांनी राखणीला बसवलं. ९११ला तेवढा शहाणा मागचा आस मिळायला ९९३ पिढी उजाडली, आणि भाच्याच्या ९९७च्या मागच्या दांड्या त्याच घराण्यातल्या आहेत.

आता या मांडणीत चकती घाला. टायरचा तळ बाहेर सरकला. खिळा आत असेल तर त्याच्यापासूनचं अंतर वाढलं, म्हणजे बिघडवणारी पहार लांब झाली. खिळा बाहेर असेल तर टायर त्याच्या जवळ गेला, म्हणजे सावरणारी पहार आखूड झाली. रचना कुठलीही घ्या, चकती चुकीच्याच बाजूला ढकलते. पंधरा मिलिमीटरनं गाडी फिरणार नाही, तसं सांगून मी कुणाला घाबरवत नाही. पण लोक ज्या गोष्टीला हँडलिंग म्हणतात ती मिळवायला तिथल्या माणसांनी वर्षं घालवली, आणि आपण तिच्यातले काही मिलिमीटर हँडलिंगचं नाव घेऊनच परत करतो, याची गंमत वाटते.

उलट ज्या गोष्टीला लोक सर्वांत जास्त भितात ती मला तेवढी भयंकर वाटत नाही. बेअरिंग. "स्पेसर टाकलेत? गेलं बेअरिंग," असं प्रत्येक मेस्त्री सांगतो. मागच्या एका चाकावर उभ्या गाडीत साधारण ४६५ किलो येतात. तो भार पंधरा मिलिमीटर बाहेर सरकला की बेअरिंगला जवळजवळ ६८ न्यूटन-मीटरचा पीळ जास्त पडतो. कडक वळणावर बाहेरच्या चाकाला रस्ता आडवा ढकलतो तेव्हाचा पीळ दोन हजार न्यूटन-मीटरच्या वर जातो, कारण तिथे टायरची ३३० मिलिमीटरची त्रिज्याच पहार होते. दोन हजारांपुढे ६८ म्हणजे पंगतीत लिंबाची फोड. त्यातही मौज अशी की बाहेरच्या चाकावर हे दोन पीळ एकमेकांविरुद्ध असतात; त्या क्षणी चकती बेअरिंगचं ओझं थोडं हलकंच करते. बेअरिंग झिजतं ते सरळ रस्त्यावर, तासन् तास, जिथे त्या ६८ला वजा करणारं कुणी नसतं, आणि खड्ड्यात, जिथे भार एकदम कितीतरी पट होतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार एक दशांश वाढला की आयुष्याचा चौथा हिस्सा जातो. म्हणून महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीनं याचा विचार करावा. शनिवारच्या गाडीनं करू नये. तिचं बेअरिंग मालकाच्या आधी म्हातारं होत नाही.

खरा जीव जिथे अडकतो ती जागा चकतीची जाडी नाहीच, बोल्ट आहे. आणि त्याबद्दल गॅरेजात सर्वांत कमी बोललं जातं, कारण बोल्ट दिसत नाही.

बहुतेकांची समजूत असते की चाक बोल्टांवर लटकलेलं असतं. तसं ते लटकलं तर थोड्याच दिवसांत बोल्ट तुटतील. बोल्टाचं काम चाकाला हबवर दाबून धरण्याचं. भार पेलतो तो दोन सपाट पृष्ठभागांमधला दाब आणि घर्षण. पोर्शेत बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटरच्या आट्यांचे. ते १३० न्यूटन-मीटरला आवळायचे, अलीकडच्या मॉडेलांत १६०ला. चकती आली की दाबून धरायचा एक जोड होता तिथे दोन होतात. हबवर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चकती केसभर तिरकी बसते, आवळताना कळत नाही, आणि चार दिवसांनी तो पापुद्रा चुरगळला की बोल्ट ढिला. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, लोखंडी हब आणि अॅल्युमिनियमची चकती त्यात एकमेकांना अशी चिकटतात की पुढच्या वर्षी हातोडा लागतो. म्हणून तारेच्या ब्रशानं हब लखलखीत करायचा. चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटर चालवून टॉर्क पान्यानं पुन्हा तपासायचं. हे जो करणार नाही त्यानं पाच मिलिमीटरचीही चकती घेऊ नये, आणि दोन चकत्या एकावर एक ठेवणाऱ्याशी मी बोलतच नाही.

मग मधलं भोक. हबच्या मध्यावर एक गोल कडं बाहेर आलेलं असतं, पोर्शेत ७१.६ मिलिमीटर व्यासाचं. त्यावर चाक नेमकं मध्यावर बसतं. पाच मिलिमीटरच्या चकतीतून ते कडं चाकाला धरण्याइतपत बाहेर उरतं. पंधराच्या चकतीला स्वतःचं कडं असतं. गोची होते मधल्या जाड्यांत. हबचं कडं चकतीनं गिळलेलं, आणि चकतीला स्वतःचं कडं काढायला अंगात मांस नाही. मग चाक फक्त बोल्टांच्या भरवशावर मध्यावर येतं, किंवा येत नाही, आणि शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. सात-आठची चकती ही मला सर्वांत मूर्ख खरेदी वाटते, आणि ती खूप खपते, कारण पाच कमी वाटतात आणि पंधराची भीती वाटते.

बोल्ट मूळच्यापेक्षा चकतीच्या जाडीएवढाच जास्त लांब हवा, पंधराला पंधरानं. आखूड असला तर आटे कमी पकडतात. या मापाच्या बोल्टानं निदान साडेसात फेरे तरी धरले पाहिजेत. त्याच्या डोक्याखालची बैठक पोर्शेत गोलाकार असते, १४ मिलिमीटर त्रिज्येची. फोक्सवागेन आणि आउडी यांची बैठकही गोलच, पण १३ची. डोळ्यांना फरक दिसत नाही. चुकीचा बोल्ट बसतो, आवळला जातो, टॉर्क पाना कटकन वाजतो, आणि पकड असते ती फक्त एका वर्तुळाकार कडेवर.

लांबीची दुसरी चूक भाच्यानंच केली. एका विक्रेत्यानं त्याला पंधराच्या चकतीबरोबर वीसच्या चकतीचे बोल्ट पाठवले. यानं बसवले, आवळले, खूश झाला. गाडी ढकलली तर मागून खर्र असा आवाज. ९११च्या मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचा छोटा ड्रम असतो. पाच मिलिमीटर जास्तीचे बोल्ट हबच्या पलीकडे डोकावून तिथल्या सांगाड्याला घासत होते. नशीब, गाडी ढकलत होता, चालवत नव्हता. पुढच्या चाकांत ही भानगड नसते, म्हणून ज्यानं आयुष्यभर पुढचीच चाकं खोलली त्याला हे माहीतच नसतं. मी त्याला सांगितलं, आधी चाक न लावता चकतीत बोल्ट पिळून पाहायचं नाही, त्यानं काही कळत नाही. चाक लावून, आवळून, गाडी जॅकवरच असताना हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचा. कान देऊन.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जर्मनीत असा बदल केला की गाडीचा रस्त्यावर चालायचा परवानाच बाद होऊ शकतो, जोवर चकतीबरोबर त्या गाडीसाठी, त्या चाक-टायरासाठी तपासणीचा दाखला नसेल आणि बहुधा तपासनीसानं बसवलेलं काम डोळ्यांनी पाहिलेलं नसेल. तो तपासनीस एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवतो, गाडी पिळतो आणि टायर कुठे घासतो का बघतो. मला ही पद्धत सभ्य वाटते. ती तुमच्या हौसेची चौकशी करत नाही, फक्त टायर मोजते. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ कडकपणे लावला: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. एक चकती त्या शब्दांत कुठे बसते याचा खल वकिलांनी करावा. मला दिसतं ते इतकंच की सरसकट नाही म्हटल्यानं स्पेसर बंद झाले नाहीत. ते रस्त्याकडेच्या टायरवाल्याकडे, दाखल्याशिवाय, कुठल्याही लांबीच्या बोल्टांनिशी बसतात, आणि ठोकळ्यावर गाडी चढवून बघणारा कुणी नसतो.

यंदा जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो तेव्हा चकत्यांचं खोकं अजून पलंगाखाली होतं, बोल्ट बदलून आलेले. मी त्याला म्हटलं, ओळंबा कर. त्याला ओळंबा म्हणजे काय ते सांगावं लागलं, नात्यातले दोन गवंडी त्याच्या लहानपणीच गेले. दोऱ्याला नट बांधला. टाकी भरून गाडी सपाट जमिनीवर उभी केली, जॅकवरून उतरवल्यावर दहा-बारा मीटर पुढंमागं फिरवून, म्हणजे लटकलेलं सस्पेन्शन आपल्या जागी येतं. दोरा मडगार्डच्या काठावरून सोडला आणि टायर जिथे सर्वांत फुगलेला आहे तिथपर्यंतची फट मोजली. डावीकडे २४. उजवीकडे २०.

तो पुन्हा मोजायला बसला. पुन्हा २४ आणि २०. गाडी कुठे ठोकलेली नव्हती. पत्र्याचं अंग आणि खालचा सांगाडा एकमेकांवर नेमके मध्यावर बसत नाहीत, चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण ज्या माणसानं पंधरा की अठरा यावर महिना काढला त्याला हे चार फार लागले.

"मग डावीकडे अठरा आणि उजवीकडे चौदा टाकू?"

मी हसलो, तोही हसला. मग पहिल्यांदाच म्हणाला, "मामा, खरं सांगू? खिडकीतून बघताना चांगली दिसली पाहिजे, बास." हे झाल्यावर पुढचं पाच मिनिटांत ठरलं. अठराला उजवीकडे दोनच उरतात, टायरवाला पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा टायर देईल आणि तेही जातील. पंधराला उजवीकडे पाच, डावीकडे नऊ. खिडकीतून पाहायला भरपूर. पंधरा.

रविवारी सकाळी बसवल्या. ब्रशानं हब घासला, बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे आवळले, चाक फिरवून कान दिला. पुढच्या आठवड्यात तपासनीसाकडे गेलो. त्यानं ठोकळे लावले, टॉर्चनं आत पाहिलं, शिक्का मारला. हँडलिंगबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही.

आता तो गाडी नेहमी उजवी बाजू घराकडे येईल अशी लावतो. तिकडे रहदारीच्या दिशेनंच गाडी लावावी लागते, त्यामुळे ऑफिसातून येताना त्याला गल्लीला एक वळसा जास्त पडतो.